लॅमिनेट केलेली चिठ्ठी

लहानू सोमकुवरनं रुख्मिणीबाईंची चिठ्ठी लॅमिनेट करून आणली, तेव्हा सावनेरच्या त्या गल्लीत त्याचं कोण कौतुक झालं! डॉक्टरांनी लिहून दिलेला तो कागद घड्यांवर फाटायला आला होता. महिन्याच्या महिन्याला लहानूनं तोच कागद नागपुरात धंतोलीतल्या औषधाच्या दुकानात दाखवायचा आणि गोळ्या आणायच्या. लहानूनं ऑफिसजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून तो कडक प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतला. "आता पाण्यात पडली तरी काई होत नाई," तो रुख्मिणीबाईंच्या नवऱ्याला, नत्थूजींना म्हणाला. नत्थूजींनी खूश होऊन चहा पाजला. मग शेजारीपाजारीही आपापल्या चिठ्ठ्या घेऊन आले, आणि पाहता पाहता लहानूच्या निळ्या पिशवीत सतरा चकचकीत चिठ्ठ्या जमा झाल्या.

डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे काही शाळा सोडल्याचा दाखला नव्हे, जन्मभर जपून ठेवायला, हे त्या गल्लीत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

लहानू रामदासपेठेतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात शिपाई. बावीस वर्षं झाली, सकाळच्या एसटीनं नागपूर, संध्याकाळच्या एसटीनं सावनेर. आई तुळसाबाई दम्याची होती, तिचं औषध सावनेरात मिळेना, म्हणून तो पहिल्यांदा धंतोलीच्या दुकानात गेला. पुढच्या महिन्यात शेजारीण म्हणाली, भाऊ, माझीही चिठ्ठी नेता का? त्यानं नेली. आई गेली, पण पिशवी काही सुटली नाही. या कामाचा एक पैसा त्यानं कधी कोणाकडून घेतला नाही. स्वभावानं मात्र तापट. कंडक्टरनं थांबा सोडून गाडी पुढे नेली की भर गाडीत त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करणार, आणि उतरताना पुन्हा त्यालाच तंबाखू देणार. गल्लीत त्याच्या शब्दाला वजन होतं. कोणाला काय दुखतं, कोणाची गोळी कधी संपते, हे त्याला तोंडपाठ होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. का नसावा? मंदिराला देणगी देणाऱ्याचं नाव फरशीवर कोरतात. हा माणूस बावीस वर्षं पिशवी वाहत होता.

रुख्मिणीबाई शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या आणि नत्थूजींचं बसस्टँडजवळ पंक्चरचं दुकान होतं. पस्तिशीत बाईंच्या गालांवर लाल चट्टे उठले, बोटं सुजली, मग पायांवर सूज चढली. सावनेरातले उपाय करून थकल्यावर त्या धंतोलीला गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा लुपस आहे. अंगाची राखण करणारी शक्ती उलटून आपल्याच अंगावर धावते. ती दाबून ठेवायला त्यांनी एक पिवळट गोळी दिली, आणि सांगितलं की गोळी चांगली आहे, पण तिच्यावर डोळा ठेवावा लागतो. तिच्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून नेमानं रक्त तपासा आणि मला दाखवा.

पहिलं वर्ष त्यांनी ते इमानदारीनं केलं. आता धंतोलीला दाखवायला जाणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच विचारा! पहाटे निघायचं, रक्त द्यायचं, रिपोर्टची वाट पाहायची, मग नंबर लावून बसायचं. गोंदियापासून यवतमाळपर्यंतची माणसं त्या बाकांवर डबे सोडून बसलेली. संध्याकाळी नंबर आला की आत तीन मिनिटं. तेवढ्यासाठी बाईंचा एक दिवस जायचा आणि नत्थूजींच्या दुकानाचं शटर बंद राहायचं. त्यात गोळीनं गुण आला. सूज गेली, चट्टे गेले, बाई पुन्हा पन्नास पोरांची खिचडी ढवळायला लागल्या.

"बरी तं हाय मी, आता कायले जायचं?" त्या म्हणाल्या.

"नका जाऊ ना," लहानू म्हणाला. "गोळी मी आणून देतोच."

झालं. अडीच वर्षं त्यांनी डॉक्टरांचं तोंड पाहिलं नाही आणि रक्त तपासलं नाही. चिठ्ठीच्या तळाशी डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती, खाली रेघ मारून, पण इंग्रजीत, आणि अशा अक्षरात की मुंगी शाईत बुडून कागदावरून चालत गेली असावी. दर महिन्याला रक्त तपासणे, रिपोर्टशिवाय गोळी चालू ठेवू नये, असा तिचा अर्थ होता. ती ओळ तीस वेळा औषधाच्या दुकानात जाऊन आली. तीस वेळा दुकानदारानं चिठ्ठी पाहिली, गोळीचं नाव वाचलं आणि खालच्या ओळीवरून नजर अशी नेली की जणू ती छापखान्याची जाहिरात आहे. संताप येतो तो याचाच. लपवलेलं काही नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं, वर प्लॅस्टिकची चमक होती, आणि वाचणारा एक माणूस नव्हता.

मग त्या दुकानात मोनाली आली. नवी फार्मासिस्ट, सव्वीस वर्षांची, चष्मा लावलेली. पोळा होऊन आठेक दिवस झाले असतील. लहानूनं नेहमीसारखी चिठ्ठी काउंटरवर सरकवली. तिनं ती उचलली, उलटीसुलटी पाहिली आणि परत ठेवली.

"काका, ही चिठ्ठी अडीच वर्षं जुनी हाय. यावर नाई देता येत."

"काहून?"

"या गोळीले रक्त तपासा लागते. खाली लिहून हाय, पाहा. रिपोर्ट कुठी हाय?"

"रिपोर्ट पाहून कोणी गोळ्या विकते का वं?" लहानूचा आवाज चढला. "बावीस वर्षांपासून येऊन राहिलो मी या दुकानात! तवा तू जन्मली तरी होती का?"

"होती ना, अंगणवाडीत होती," मोनाली शांतपणे म्हणाली. "पेशंट तुमची कोण लागते, काका? तिले ताप हाय का? तोंडात छाले? दुसऱ्या कोण्या डॉक्टरची गोळी सुरू हाय का?"

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर लहानूला ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळेच त्याचं डोकं भडकलं. गोळीचं नाव ठाऊक, पट्ट्यांचा हिशोब ठाऊक, आणि जिच्यासाठी न्यायची तिला ताप आहे की नाही, हे ठाऊक नाही! गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात त्यानं तिला वाटेल ते सुनावलं. गरिबाला छळायला बसवली आहे, दोन पुस्तकं वाचली की यांना शिंगं फुटतात, मालकाला सांगून उद्याच तुला घरी बसवतो. मोनालीचे डोळे भरून आले, पण चिठ्ठीवर तिनं गोळी दिली नाही. तो पायऱ्या उतरताना मागून ती ओरडली, "काका, ताप असन तं आजच दवाखान्यात आणा तिले! उद्यावर टाकू नका!"

ते त्यानं ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला.

पुढच्याच गल्लीतल्या दुकानात त्याला विनाचौकशी गोळ्या मिळाल्या. दुकानदारानं चिठ्ठी हातातसुद्धा घेतली नाही. लांबूनच नाव वाचलं, पट्ट्या मोजल्या, पिशवीत टाकल्या. लहानूला अगदी जिंकल्यासारखं वाटलं. एसटीत शेजारी बसलेल्याला त्यानं सगळी कथा सांगितली, मोनालीची नक्कल करून सांगितली, आणि दोघं हसले.

संध्याकाळी तो गोळ्या द्यायला गेला, तर रुख्मिणीबाई खाटेवर पांघरूण घेऊन पडलेल्या. पाच दिवसांपासून ताप होता. बाजारातल्या डॉक्टरनं दोन इंजेक्शनं दिली होती, ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा.

"तोंडात छालेच छाले झाले, भाऊ," त्या म्हणाल्या. "थुंकाबी गिळवत नाई."

लहानूच्या हातातली पिशवी तशीच राहिली. त्यानं नत्थूजींना विचारलं, "दुसरी कोणती गोळी सुरू हाय का हिले?"

"हाय ना. दीड महिना झाला. पायाचा अंगठा दुखे, तं बाजारातल्या डॉक्टरनं युरिक ॲसिडची देल्ली. त्यानं विचारलं होतं गा, बाई, दुसरं काय घेता, चिठ्ठी दाखवा म्हणे. पण चिठ्ठी तं तुमच्याजवळ राहते. ही म्हणली, ताकदीची गोळी हाय."

आता त्या घडीला लहानूनं काय करायला हवं होतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. गाडी करायची आणि निघायचं. दिवस अजून मावळला नव्हता. शेजारच्या प्रेमानंदची व्हॅन दारात उभी होती. आणि लहानू काय म्हणाला? "सकाळी नेऊ," म्हणाला. "सकाळच्या गाडीनं मी असतोच संग." आजच न्या म्हटलं असतं, तर आजच का, हे सांगावं लागलं असतं. मग एका पोरीनं आपल्याला भर दुकानात काय विचारलं आणि आपण तिला काय बोललो, तेही सांगावं लागलं असतं. तासाभरापूर्वी जिची नक्कल केली, तिचं म्हणणं खरं निघालं हे कबूल करण्यापेक्षा त्याला एक रात्र जाऊ देणं सोपं वाटलं. अडाण्याकडून असं झालं असतं तर समजून घेतलं असतं. हा तर ऐकून, समजून, गप्प बसला.

सकाळी रुख्मिणीबाईंना हाक ऐकू येत नव्हती. प्रेमानंदच्या व्हॅनमधून त्यांना धंतोलीला नेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. वय एकोणचाळीस.

डॉक्टरांनी नत्थूजींना आणि लहानूला समोर बसवून सांगितलं, "अंगात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. युरिक ॲसिडची ती गोळी सोबत घेतली की लुपसच्या गोळीचा जोर चौपट वाढतो. दोन्ही एकत्र द्यायच्याच नसतात, फारच गरज पडली तर लुपसच्या गोळीचा डोस खूप कमी करावा लागतो. रक्त तपासलं असतं तर दोन-तीन आठवड्यांत कळलं असतं. अडीच वर्षं या गोळ्या दिल्या कोणी?"

नत्थूजींनी भाबडेपणानं लहानूकडे पाहिलं. "यायनं आणून देल्ल्या, साहेब. एक महिना नाई चुकवला."

लहानू ताडकन उठला. "तुम्ही मराठीत काहून नाई लिहिलं, साहेब? खिचडी शिजवणारी बाई, तिच्यासाठी इंग्रजीत लिहिता? अडीच वर्षं तुमची पेशंट आली नाई, एक फोन तरी केला का कोणी?"

"मी तोंडी सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "फोन कोणी केला नाही, हे खरं आहे."

दोघांचंही खरं होतं, आणि त्या खरेपणाचा बाईला काडीचा उपयोग नव्हता.

दहाव्या दिवशी लहानू मोनालीकडे गेला. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "बाकीच्यायच्या चिठ्ठ्या कुठी हाय?" त्यानं पिशवी काउंटरवर उलटी केली. सोळा चिठ्ठ्या. ती एकेक वाचत गेली आणि तळाच्या ओळी त्याला मराठीत सांगत गेली, आणि तो वहीत लिहीत गेला. कोणाचे वर्षाला डोळे तपासायचे होते. कोणाला एक्सरे काढून दाखवायला सांगितलं होतं. म्हाताऱ्या जिजाबाईंची चिठ्ठी आली तेव्हा मोनालीनं बोट ठेवलं.

"हे स्टेरॉइड हाय, काका. कित्येक वर्षांपासून घेऊन राहिल्या त्या. ही गोळी एका झटक्यात बंद नाई करत. अंग आपलं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडून देते. बंद केली तं चक्कर, उलट्या, माणूस कोसळते. डॉक्टरनंच हळूहळू कमी करावं लागते. सांगान त्यायले."

सांगतो, म्हणाला. पण सावनेरला परतल्यावर कोणाच्या दारात जायला त्याची हिंमत होईना. तीन दिवस तो घरातच बसून राहिला.

तेराव्या दिवशी तेरवीच्या जेवणाला अर्धं गाव जमलं. मांडवात एकच विषय होता. "गोळीनं मारलं तिले." "जहर असते गा ते." एकानं सांगितलं, आपण आपली संधिवाताची गोळी त्याच दिवशी नालीत फेकली. दुसरा म्हणाला, आम्हीही. नत्थूजीही मान हलवत होते. लहानूच्या कानावर हे सगळं पडत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. गोळीनं मारलं म्हणजे लहानूनं नाही मारलं.

जेवणाआधी खांदेकऱ्यांना दुपट्टे द्यायची रीत. नत्थूजींनी पहिलं नाव लहानूचं घेतलं. त्याला पुढे बोलावलं, खांद्यावर कोरा दुपट्टा टाकला आणि रडत रडत सगळ्यांना सांगितलं, "सख्ख्या भावानं केलं नसतं इतकं यायनं रुख्मिणीसाठी केलं. अडीच वर्षं एक गोळी चुकू नाई देल्ली. यायचे उपकार मी जन्मात नाई फेडू शकत."

लोकांनी माना डोलावल्या. लहानूची नजर खाली होती. ती वर आली तेव्हा त्याला मांडवाच्या खांबाला टेकून बसलेल्या जिजाबाई दिसल्या. चेहरा राखेसारखा, डोळे अर्धे मिटलेले. सून पदरानं वारा घालत होती.

"काय झालं मायले?" त्यानं सुनेला विचारलं.

"दोन दिवसांपासून उलट्या करून राहिली. उभी राहिली का चक्कर येते."

"गोळी घेते ना?"

"नाई गा. रुख्मिणीबाई गेल्या त्याच दिवशी फेकून देल्ल्या आम्ही सगळ्या."

तेव्हा लहानूला राग आला. बावीस वर्षं तो कंडक्टरवर, वॉचमनवर, दुकानदारांवर रागावत आला होता, पण हा राग निराळा होता आणि त्याला जायला दुसरीकडे जागाच नव्हती.

"ऐका!" तो ओरडला. "गोळीनं नाई मारलं रुख्मिणीबाईले! त्या गोळीनं तं तिले उभी केली होती. मारलं असन तं मी मारलं. चिठ्ठीवर लिहून होतं रक्त तपासा, मी त्याच्यावर प्लॅस्टिक लावून आणलं. चिठ्ठी तिच्या घरी पाहिजे होती, ते मी माह्या पिशवीत ठेवली. बाजारातल्या डॉक्टरनं मागितली तं दाखवाले नोती तिच्याजवळ! आणि त्या दिवशी धंतोलीच्या पोरीनं मले सांगितलं होतं, ताप असन तं आजच आणा. आजच! मी इथं आलो, ताप पाहिला, छाले पाहिले, आणि सकाळी नेऊ म्हणलो. काहून? त्या पोरीसमोर माही मान खाली जाईन म्हणून! उपकार कायचे सांगता, नत्थूजी?"

लहानूला दम लागला होता, तरी तो थांबला नाही.

"आणि आता तुम्ही गोळ्या नालीत फेकून राहिले! हे पाहा जिजाबाईकडे. हे बिमारी नोय, हे गोळी एकदम सोडल्यानं होऊन राहिलं. ज्यायनं ज्यायनं फेकल्या, त्यायनं आज डॉक्टरले विचारा. आपल्या मनानं घ्याची नाई आणि आपल्या मनानं सोडाची नाई. मी कोणाची गोळी आता आणून देणार नाई. ज्याची चिठ्ठी त्यानं आपल्या घरी ठेवाची. दाखवाले जायचं असन तं संग येतो, दिवसभर बसतो, पण माणूस घेऊन जाईन, कागद नाई."

मागून कोणीतरी म्हणालं, "तेरवीत हे काय लावलं गा यानं?" नत्थूजी मात्र लहानूकडे बघत उभे होते. मग ते पुढे आले आणि त्यांनी लहानूच्या खांद्यावरचा दुपट्टा काढून घेतला. हळूच काढला, घडी घातली, आणि काखेत धरून ते घरात निघून गेले.

लहानूनं त्यांना अडवलं नाही. तेरा दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याशी बरोबर वागलं होतं. तो खांबाजवळ गेला, सुनेच्या मदतीनं जिजाबाईंना उचललं आणि प्रेमानंदला व्हॅनची चावी आणायला सांगितलं. मांडवात पंगत बसत होती. कोणीतरी म्हणालं, भाऊ, दोन घास खाऊन तरी निघा, अर्ध्या घंट्यानं काय होते?

"आत्ताच," लहानू म्हणाला, आणि जिजाबाईंना घेऊन चालायला लागला.